कॅमेरे कपाटात कोंडणाऱ्यांस

जुने कॅमेरे जमवणाऱ्यांविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे, आणि त्यांत माझा सख्खा भाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी पक्षपाताचा आरोप करायला नको!

या भाच्याचे घर कोथरूडला. बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट, आत दिव्यांची रोषणाई आणि त्या उजेडात एकेचाळीस कॅमेरे. (देव मात्र स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी.) रविवारी हा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातो, घासाघीस करून एखादे काळे खोके आणतो, पुसूनपासून कपाटात बसवतो. ‘‘यांतल्या कितींत रोल आहे रे?’’ असे मी एकदा विचारले.

‘‘अहो मामा, ते वापरायचे नसतात!’’

वापरायचे नसतात! 1900 साली कोडॅकने ब्राउनी नावाचा खोका कॅमेरा काढला तो अवघ्या एका डॉलरला, पोराबाळांनीही फोटो काढावेत म्हणून. आपल्याकडचा आगफा क्लिक थ्री बडोद्याच्या कारखान्यात तयार होई, तोही संस्थानिकांसाठी नव्हे. मास्तर, कारकून, पोस्टातले लोक यांच्यासाठी. 120 नंबरचा रोल आणि त्यावर बारा चौकोनी फोटो. मागच्या तांबड्या खिडकीत आकडा येईपर्यंत चावी फिरवायची, ऊन पाठीशी घ्यायचे, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे कुणी कुठे उभे राहायचे यावर आमच्याकडे आधी अर्धा तास वाद चाले. वडील ‘‘कोणी हलू नका’’ म्हणत आणि माझी धाकटी बहीण नेमकी तेव्हाच हले. त्याच बहिणीचा हा मुलगा.

वापरला तर बिघडेल, असे ही मंडळी म्हणतात. अहो, त्यात बिघडण्यासारखे आहे काय? एक भिंग, एक स्प्रिंग, एक पत्र्याची चकती. उलट पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात भिंगावर बुरशी चढते आणि न हलणारी स्प्रिंग आखडते. दुसरा युक्तिवाद जरा वजनदार आहे. दिनकर केळकरांनी दिवे जमवले, अडकित्ते जमवले, म्हणून काय ते रोज त्या अडकित्त्यांनी सुपारी कातरत बसले? मान्य. पण केळकरांनी तो संग्रह आपल्या गेलेल्या राजाच्या नावाने साऱ्या गावासाठी उघडा केला. आल्यागेल्याला कॉफी देऊन दाखवायला मांडला नाही. शिवाय जुन्या दिव्यांचा काळ संपला होता. कॅमेऱ्याचा रोल आजही विलायतेत इल्फर्ड आणि अमेरिकेत कोडॅक करतात, आणि तो आपल्याकडे मिळतो. हजाराच्या घरात जातो, धुण्याचे पैसे निराळे, हे खरे. पण एकेचाळीस कॅमेरे विकत घेणाऱ्याने तरी महागाईचे रडगाणे गाऊ नये.

आता माझ्या रागाचे खरे कारण सांगतो.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्या पुरात नारायण पेठेतल्या आमच्या घरातून फोटोंची ट्रंक वाहून गेली. आईच्या लग्नातला फोटो त्यात होता. पुढे चार पैसे जमल्यावर वडिलांनी क्लिक घेतला तो त्यामुळे. हौस वगैरे काही नाही, गेलेले भरून काढायचे होते. 1989 च्या दिवाळीत त्यांनी सात फोटो काढले, पाच उरले. मार्गशीर्षात आई गेली. उरलेले पाच काढायला कुणाचा हात होईना. कॅमेरा रोलसकट पेटीत गेला. पुढे वडीलही गेले. तो रोल धुवून घ्यायचे धैर्य मला झाले नाही, आणि ही चूक माझीच.

दोन वर्षांपूर्वी भाचा घरी आला. ‘‘आजोबांचा क्लिक मला द्या ना मामा, कपाटात शोभेल,’’ म्हणाला. मी चहा सांगायला आत गेलो तेवढ्यात याने मागची बाजू उघडली. तिथल्या तिथे मिटली असती तरी बरेच वाचले असते. रोलच्या पाठीला काळा कागद असतो, घट्ट गुंडाळलेल्या भागावर उजेड सहसा पोचत नाही. पण आत काय आहे ते पाहायला याने पट्टी ओढली. एकेचाळीस कॅमेऱ्यांच्या धन्याला रोल ओळखता आला नाही!

ओरडून मी हात धरला तेव्हा अगदी आतली दोनच वेटोळी उरली होती. ती धुवून घेतली. पहिल्या फोटोत तुळशीवृंदावन आहे. दुसऱ्यात आई रांगोळी घालते आहे: पाठमोरी, वाकलेली, अंबाड्यात फूल. बाकीच्या पाचांत तिचा चेहरा असेल. वडील पाठमोरे फोटो सहसा काढत नसत.

भाचा रडला. त्याला मी रागावलो नाही, त्याच्या कपाटावर रागावलो आहे. आपल्या घरात असा कॅमेरा असेल तर तांबड्या खिडकीत आकडा दिसतो का ते आज पाहा. दिसला, तर उघडू नका; धुणाऱ्याकडे तसाच न्या. रिकामा असेल, तर रोल घाला.

आमच्या क्लिकमध्ये मी नवा रोल घातला आहे. पाडव्याला पहाटेचा उपयोग नाही, या कॅमेऱ्याला ऊन लागते. म्हणून नऊ वाजता सगळ्यांना अंगणात बोलावले आहे. बहीण हलणारच. भाच्याला मध्यभागी उभा करीन. कॅमेरा मात्र त्याच्या हातात देणार नाही.