बाजू घ्या, पण सांगून घ्या

"सगळा मीडिया विकला गेलाय" हे वाक्य टपरीवर रोज ऐकतो. गंमत म्हणजे दोन्ही पक्षांची माणसं तेच म्हणतात, फक्त विकत घेणारा वेगळा सांगतात.

मला विचाराल तर पेपरनं बाजू घेणं हा गुन्हा नाही. टिळकांचा 'केसरी' कुठं तटस्थ होता? पण तो कुणाच्या बाजूचा, हे वाचकाला ठाऊक होतं. त्यातल्या लेखांपायी १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. किंमत त्यांनी स्वतः मोजली.

खरा घोळ दिसला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. एकाच नेत्याचं कौतुक शब्दाला शब्द तसंच, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत, बातमी म्हणून छापलं गेलं! पी. साईनाथांनी ते उघडं पाडलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या समितीनं २०१० मध्ये पेड न्यूजवर अहवाल दिला. त्यात पेपरांची नावं होती, म्हणून कौन्सिलनं तो आधी पूर्ण छापलाच नाही. माहिती आयोगाचा आदेश आला, तेव्हा २०११ मध्ये तो लोकांसमोर आला.

आपल्याकडे वेगळं काय चाललंय? नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघते, त्या दिवशी टँकरची बातमी आतल्या पानावर जाते. आपण देतो त्या चार-पाच रुपयांत पेपरचा खर्च निघत नाही. उरलेले पैसे देणारा मग बातमीही ठरवतो.

म्हणून उद्या पेपर उघडलात की आधी जाहिराती बघा, मग बातम्या वाचा.