साइड ऱ्हिदम म्हणजे नक्की कोण?

कुठल्याही मराठी वाद्यवृंदात स्टेजच्या कडेला एक माणूस असतो. समोर सात-आठ वाद्यं मांडलेली. गोंधळ आला की संबळ, जेजुरीचं गाणं आलं की दिमडी, लावणीत हलगी, अभंगाला टाळ-चिपळ्या. निवेदिका पुढच्या गाण्याचं नाव घेईपर्यंत ह्याचे हात दुसऱ्या वाद्यावर गेलेले असतात. ह्या माणसाला धंद्यात म्हणतात 'साइड ऱ्हिदम'.

साइड! आमच्या आयटीत फ्रंट-एंड, बॅक-एंड, डेटाबेस असं सगळं येणाऱ्याला फुल-स्टॅक म्हणतात आणि वर पगारही वाढवून देतात. सहा वाद्यं येणारा मात्र पोस्टरवर 'आणि साथीदार'मध्ये जातो.

ताल कळला की काहीही बडवता येतं, असं कोणाला वाटत असेल तर एकदा जवळ जाऊन बघा. ढोलकीची शाईची बाजू सुरात लावावी लागते, धुम्याचा मसाला आतून लावलेला असतो आणि तो घुमारा हाताच्या दाबावर चालतो. संबळ कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवायचा, त्यातली एक टोकाला वाकलेली. हलगी आधी शेकून चढवायची. दिमडीला नुसती बोटं. म्हणजे हाताला दर वेळी नवी सवय लावायची आणि आधीची मोडू द्यायची नाही.

त्यात ही वाद्यं एका घरात कधीच नव्हती. संबळ गोंधळ्यांचा, दिमडी वाघ्यांची, हलगी मुख्यतः मातंग समाजाची. जातींच्या भिंतीआड राहिलेल्या ह्या विद्या एका माणसाने गोळा करायच्या तर किती उंबऱ्यांवर जाऊन बसावं लागत असेल! त्याची डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही. आणि एवढं करून हाती काय, तर 'साइड'.

हे दूर कुठे चाललेलं नाही. आपल्या कंपन्यांच्या बसेस ज्या तळेगाव-चाकण रस्त्याने जातात, त्यावरचं इंदुरी हे दादू इंदुरीकरांचं गाव. पुणे-नाशिक हायवेने चाकणच्या पुढे खेड, मंचर केलं की नारायणगाव, तमाशाची पंढरी. विठाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे, राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाने दिला जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्या फडांत ज्यांच्या ढोलकी-हलगीवर रात्र उभी राहायची, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगा बरं. गुगल न करता.

सरकारी कौतुकाचंही तेच. 'जोगवा' चित्रपटाला २००८ सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. संगीताचा अजय-अतुलला, गायनाचे हरिहरन आणि श्रेया घोषालला. तिन्ही रास्त. पण वाद्य वाजवणाऱ्यासाठी त्या यादीत विभागच नाही. चौंडकं कोणी वाजवलं, हा प्रश्न विचारायला फॉर्मवर रकानाच नाही!

कायद्याची गंमत तर ह्याहून भारी. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि सादरकर्त्याच्या व्याख्येत वादक आहेच. मात्र चित्रपटापुरतं एक परंतुक जोडलंय. ज्याचं काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो सादरकर्ता धरला जाणार नाही. (कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्यापुरता अपवाद आहे.) आता 'किरकोळ' कोण ठरवणार? ज्याला आधीच 'साइड' म्हणून ठेवलंय, त्याला किरकोळ म्हणायला कितीसा वेळ लागतो? नाव न छापण्याची रीत निर्मात्यांनी पाडली, आणि कायदा त्याच रीतीकडे बोट दाखवतो. आम्ही असा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतील.

नावं घेतली की काय होतं हेही आपण पाहिलंय. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' २००९ मध्ये आपल्या शेजारच्या आळंदीच्या कार्तिकी गायकवाडने जिंकलं. त्याच कार्यक्रमामुळे नीलेश परब, अमर ओक, सत्यजित प्रभू ही वादकांची नावं घराघरांत पोचली. लोक एखाद्या तुकड्याला नाव घेऊन दाद द्यायला लागले. तिकडे आयर्लंडमध्ये डोनल लनी बूझुकी, गिटार आणि बोवरान नावाची डफासारखी वाद्यं वाजवतो. त्याच्या प्लँक्स्टी ह्या बँडच्या रेकॉर्डवर कोणी काय वाजवलं ते छापलेलं असतं. टीजी४ ही वाहिनी तर १९९८ पासून पारंपरिक वादकांना दरवर्षी पुरस्कार देते.

ह्यावर ठरलेलं उत्तर असतं, "अरे, एवढ्या सगळ्यांची नावं घ्यायला वेळ कुठे असतो?" असतो की! रामकृष्ण मोरेला किंवा अत्रे रंगमंदिरात एकदा घड्याळ लावून बसा. प्रायोजकांची नावं तीनदा, नगरसेवकांची चारदा, शाल-नारळ वेगळे. चार वादकांच्या नावांना अर्धा मिनिटही लागत नाही.

असो. तुमच्यापैकी बरेच जण ॲन्युअल डेच्या कमिटीत असणारच, मराठी कार्यक्रमाची कोटेशन्स तुमच्याच मेलबॉक्समध्ये येतात. त्यात 'साथीदार – ५' अशी ओळ असली तर मेल परत पाठवा. पाच नावं मागा, प्रत्येकाची वाद्यं मागा, आणि जो सहा वाजवतो त्याचा दर 'साइड'चा का, तेही विचारा. पीओ नंतर काढा.