बळीचा हिशेब कोण देणार?

'करडा' हा रंग सध्या वाङ्मयात फार स्वस्त झाला आहे. अंगाला राख फासली की माणूस साधू ठरतो, त्यातलाच हा प्रकार. नायकाच्या हातून चार-पाच मुडदे पाडावेत, मग त्याला खिडकीशी उभा करून एक लांब उसासा टाकायला लावावा, आणि लेखकाने छाती फुगवून म्हणावे, "माझे पात्र काळेही नाही, पांढरेही नाही, करडे आहे!" मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. मुलांच्या दप्तरांतून सापडणारी असली पुस्तके मी जप्त करतो आणि परत देण्यापूर्वी आधाशासारखी वाचून काढतो. 'डार्क फँटसी' म्हणतात त्या या कादंबऱ्या. त्यांत मंत्र फुकट चालत नाही. त्याला रक्त लागते, आणि ते बहुधा दुसऱ्याचे असते.

पालक म्हणतात, हे अघोरी खूळ परदेशातून आले. त्यावर बंदी घाला. हे मला साफ नामंजूर आहे. श्रावणात घरोघर वाचली जाणारी शिळासप्तमीची कहाणी आठवा. राजाने तळे बांधले, पण पाणी लागेना. जलदेवतांनी सुनेचा थोरला मुलगा मागितला. राजाने सुनेला माहेरी धाडले, नातवाला न्हाऊ-जेवू घातले, दागिन्यांनी नटवले, पलंगावर निजवले आणि तो पलंग तळ्यात नेऊन ठेवला. तळे तुडुंब भरले. पुढे सुनेच्या व्रताने मूल परत मिळाले, म्हणून आपण सुफळ संपूर्ण म्हणत हात जोडून मोकळे होतो. राजाला जाब मात्र कोणीच विचारत नाही. तेव्हा काळोख आपल्या घरचाच आहे. त्याच्यासाठी विलायतेला बोल लावण्याचे कारण नाही.

माझे भांडण आहे ते लेखकांशी. ज्या कादंबरीत बळी जातो, तिला मी एकच प्रश्न विचारतो: ज्याचा बळी गेला त्याचे नाव काय, आणि त्याला तुम्ही बोलू दिलेत का?

ऐतरेय ब्राह्मणाने बोलू दिले आहे. सत्यवचनी म्हणून आपण ज्याला मुजरा करतो त्या हरिश्चंद्राने पुत्र व्हावा म्हणून तोच पुत्र वरुणाला बळी देण्याचे कबूल केले. मूल झाल्यावर तो आज-उद्या करीत राहिला. मुलगा रोहित अरण्यात पळाला आणि त्याने आपल्या जागी भुकेकंगाल अजीगर्ताचा मधला मुलगा, शुनःशेप, शंभर गाईंना विकत घेतला. थोरल्याला बाप सोडीना, धाकट्याला आई; मधला तेवढा उरला! यूपाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा बापाने आणखी शंभर गाई घेऊन पोराला बांधले. मारण्यासाठी आणखी शंभर मागून तो शस्त्र पाजळीत आला. इथे राजा करडा, राजपुत्र करडा आणि भुकेने पिसाळलेला बापही करडाच. पण कथेचा कळस कोणाचा? त्या पोराचा. तो देवांची स्तुती करतो आणि त्याचे पाश गळून पडतात. मग बाप परत बोलावतो, तेव्हा पोरगा त्याला तीनशे गाईंची आठवण देतो आणि विश्वामित्राचा मुलगा होऊन राहतो. बापाची भूक खरी होती, पण तेवढ्यावर कथा त्याला माफी देत नाही.

परक्या मुलखातही हे जाणणारे लेखक आहेत. मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाने १९६१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, एल्रिक नावाचा रोगट, फिकुटलेला राजा निर्माण केला. त्याची तलवार माणसांचे आत्मे पिते आणि ते बळ राजाला देते. १९६५ सालच्या 'स्टॉर्मब्रिंगर' कादंबरीत पत्नी झारोझिनिया आणि जिवलग सोबती मूनग्लम यांचेही प्राण ती तलवार घेते; शेवटी ती धन्यालाच संपवते. एल्रिकच्या अश्रूंवर हिशेब मिटत नाही. जे गेले त्यांची नावे आहेत, चेहरे आहेत, आणि पुस्तक मिटल्यावर ते आपल्याला झोपू देत नाहीत. करडा रंग म्हणतात तो हा!

आणि आमच्या दप्तरांतल्या अनेक कादंबऱ्या? त्यांत 'शंभर गावकरी' जळतात. एकालाही नाव नाही, तोंड नाही. पुढचे सबंध प्रकरण जाळणाऱ्याच्या मनातील वादळाला वाहिलेले! ज्याने मारले त्याचीच समजूत काढत वाचकाने बसायचे.

"अहो मास्तर, ही तर नुसती कल्पना!" असे कोणी म्हणेल. कल्पना खरीच, पण मोठ्या कार्यासाठी एखादा जीव गेला तर काय बिघडले, ही सबब काल्पनिक नाही. गुप्तधनाच्या खड्ड्याशी पोर नेणाराही तीच सबब सांगतो. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला २०१३ साली करावा लागला, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात भररस्त्यात खून झाला. अशा भूमीत बसून लिहिणाऱ्याने बळीला बिननावाचा ठेवणे हा मी कलेचाही गुन्हा मानतो.

तेव्हा आयाबापहो, पुस्तके हिसकावू नका. मुलांना वाचू द्या, आणि वाचून झाले की विचारा, "यात मेले कोण?" उत्तर देता आले नाही तर दोष मुलाचा नव्हे, लेखकाचा.

उद्या पाडव्याला आपल्या आयाबहिणी ओवाळताना राज्य मागतील ते बळीचे. पाताळात लोटल्या गेलेल्या त्या राजाचे नाव लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओठांवर ठेवले आहे. या न शिकलेल्या मायमाउल्यांना जे कळले, ते आम्हा लेखण्या झिजवणाऱ्यांना कधी कळणार?