जमीन जागेवर आहे, उतारा चुकलाय

पासवर्ड बरोबर आहे. संगणकाने तो मान्यही केला. क्षणभर ‘वेलकम’ दिसलं आणि मग इंग्रजीत एक ओळ उमटली, की तुमची यूजर प्रोफाइल लोड करता येत नाही. ओके दाबलं की पुन्हा पहिल्या पडद्यावर. दुसऱ्या प्रकारात संगणक उघडतो, पण घर ओळखीचं वाटत नाही. नातवाचा फोटो गायब, डेस्कटॉपवर कचऱ्याची टोपली तेवढी उरलेली, डॉक्युमेंट्समध्ये शुकशुकाट. मला हा दुसरा प्रकार जास्त वाईट वाटतो, कारण माणूस तिथेच हाय खातो.

आमच्या शेजारच्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर त्यांच्या संगणकावर होता आणि एका सकाळी त्यांचं असंच झालं. दुरुस्तीवाला मुलगा आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “मावशी, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारतो, तासाभरात नवं कोरं करून देतो.” बाईंनी चहा टाकता टाकता खिडकीतून मला हाक मारली म्हणून बरं. मुलगा लबाड नव्हता. त्याला दिवसात आठ घरं उरकायची असतात आणि फॉरमॅट हा त्याचा हुकमी उपाय. पण त्या तासाभरात बाईंची दोन वर्षं पुसली गेली असती.

तेव्हा विनंती एवढीच की प्रोफाइल उघडली नाही म्हणून फायली गेल्या असं समजू नका आणि त्या बाहेर काढून होईपर्यंत फॉरमॅटला ‘हो’ म्हणू नका.

आत काय बिघडलेलं असतं ते सांगतो. सी ड्राइव्हमध्ये यूजर्स नावाचा फोल्डर असतो आणि त्यात तुमच्या नावाचा एक. तुमची कागदपत्रं, फोटो, डाउनलोड सगळं तिथे. त्याच फोल्डरात एनटीयूजर डॉट डॅट नावाची एक लपलेली फाइल असते, तिच्यात तुमच्या आवडीनिवडी आणि सेटिंग लिहिलेली असतात. शिवाय विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्ट नावाची एक नोंदवही असते. कोणत्या खात्याचा फोल्डर कुठे आहे हे तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे फोल्डर ही जमीन आणि प्रोफाइललिस्ट हा सातबारा. मध्येच वीज गेली, अपडेट अर्धवट राहिलं, अँटीव्हायरस ऐन वेळी ती लपलेली फाइल धरून बसला, डिस्क भरली किंवा म्हातारी झाली, की ही फाइल वाचता येत नाही किंवा नोंद बिघडते. जमीन बहुतेक वेळा जिथल्या तिथे असते. मग विंडोज तुम्हाला दारातून परत पाठवतं, नाहीतर रात्रीपुरतं धर्मशाळेत उतरवतं. तीच टेम्पररी प्रोफाइल.

११ फेब्रुवारी २०२० रोजी आलेल्या विंडोज १०च्या एका अपडेटनंतर अनेकांना रिकामा डेस्कटॉप दिसला होता. त्यांचे मूळ फोल्डर नावाला वेगळं शेपूट लागून डिस्कवरच पडून होते. तेव्हा प्रत्येक वेळी दोष तुमच्या हाताचा असतो असंही नाही.

आता करायचं काय. आधी संगणक रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे तेच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज स्वतःचा बराचसा भाग झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. दोन-तीनदा करून बघा, कधी कधी तेवढ्यावर भागतं. पासवर्ड मात्र बदलत बसू नका. तो चुकला असता तर संदेश वेगळा आला असता.

रिकाम्या डेस्कटॉपवर पोचला असाल तर तिथे काहीही लिहू नका, साठवू नका. धर्मशाळा सकाळी झाडून काढतात. टेम्पररी प्रोफाइलमध्ये ठेवलेलं साइन आउट होताच पुसलं जातं. यूजर्स फोल्डर उघडा, आपल्या जुन्या नावाचा फोल्डर शोधा. परवानगी विचारली तर कंटिन्यू म्हणा. मग उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघा. आकडा काही जीबीत असेल तर निश्वास टाका. बाईंच्या फोल्डरात २१ जीबी निघाले. ते बघून चहाला चव आली.

बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि सगळं तिच्यावर उतरवा. दुरुस्ती त्यानंतर. हा क्रम मोडू नका. विशेषतः डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल किंवा फायली उघडायला युगं लागत असतील, तर चेकडिस्क चालवण्याचा मोह आधी आवरा. मरू घातलेल्या डिस्कला ती तपासणी दमवते. कधी कधी तोच तिचा शेवटचा श्वास ठरतो.

आतच जाता येत नसेल तर घरात दुसऱ्या कोणाचं अ‍ॅडमिनचे अधिकार असलेलं खातं आहे का बघा, त्यातूनही हा फोल्डर उघडतो. तेही नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. हा सेफ मोड. यात अँटीव्हायरससारखी बाहेरची बरीच मंडळी झोपलेली असतात, त्यामुळे अडलेली प्रोफाइल कधी कधी गुपचूप उघडते. वाटेत ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. तुमची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असाल तर फोनवरून त्या खात्यात गेलात की ही की बहुतेक वेळा तिथे सापडते. ती न शोधता डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर आतलं काही दिसणार नाही. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतील तर कोणत्याही ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून बघा. निम्मं टेन्शन तिथेच जातं.

उताऱ्याची दुरुस्ती सांगतो, पण हात स्थिर असेल तरच करा. रेजएडिट उघडायचं, आधी प्रोफाइललिस्टची प्रत एक्सपोर्ट करून ठेवायची. तिथे एस-१-५-२१ने सुरू होणाऱ्या लांबलचक नोंदी दिसतात. बिघाड असेल तर बहुधा एकच नोंद दोनदा असते, एकीच्या शेवटी डॉट बॅक. प्रोफाइलइमेजपाथवर तुमच्या फोल्डरचं नाव असलेली खरी, टेम्प असलेली तोतया. तोतयाच्या नावाला वेगळं शेपूट लावायचं, खरीच्या नावातलं डॉट बॅक काढायचं, तिच्यात स्टेट आणि रेफकाउंट दिसले तर शून्य करायचे, आणि रीस्टार्ट. हे वाचूनच छातीत धडधडलं असेल तर करू नका. दुरुस्तीवाल्याला हा परिच्छेद दाखवा. कार्यालयाचा संगणक असेल तर हा उद्योग मुळीच करू नका, तिथे सांभाळणारा माणूस असतो, त्याला फोन करा.

एवढं करूनही दाद दिली नाही तर नवं खातं काढणं सरळ. त्यात फायली आणा, पण एनटीयूजरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली आणू नका, नाहीतर जुना रोग नव्या घरात येईल. क्रोमचा फोल्डर उचलून आणला तरी आतले पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांचं कुलूप जुन्या खात्याशी बांधलेलं असतं. गूगल खात्याशी सिंक केलेले असतील तर परत येतात. आणि नवं खातंही तोच संदेश देऊ लागलं, तर यूजर्समधला डिफॉल्ट नावाचा फोल्डर तपासायला सांगा. नवी खाती त्याच्याच साच्यातून निघतात.

बाईंचं आम्ही नवं खातं काढलं. फायली आणल्या, स्मरणिका उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल! बाई खुर्चीतच बसल्या. झालं असं होतं की मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला. विंडोज १०च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत फॉन्ट नुसता इन्स्टॉल केला तर तो सगळ्या संगणकासाठी नव्हे, त्या एका खात्यापुरता बसतो. तो जुन्या फोल्डरातल्या अ‍ॅपडेटामध्ये, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोल्डरात सापडला. उजवं बटण दाबून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ केलं आणि माजी विद्यार्थ्यांची मनोगतं एकेक करून मराठीत परतली. डीटीपी करणाऱ्यांनी हे खास ध्यानात ठेवावं, फॉन्ट ऑल यूजर्ससाठीच बसवावेत.

त्या दिवशी उठण्याआधी बाईंच्या संगणकावर अ‍ॅडमिनचे अधिकार असलेलं दुसरं खातं काढून ठेवलं. एरवी कोणी त्यात जात नाही, अडचणीला दार म्हणून ते आहे. तुमचा संगणक आज धड चालत असेल तर आजच काढा, बंद पडल्यावर ते जमेलच असं नाही. बिटलॉकर असेल तर ते ४८ अंकही कागदावर उतरवा, संगणकातल्या फाइलमध्ये नको.

बाईंनी ते गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेत. सून हसली. पण त्या घरात गॅसचं पुस्तक आजवर कधी हरवलेलं नाही.