आपाचं औषध आणि आपली तौबा

माझ्या आपाला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. रात्री आपाचे पाय लाकडासारखे ताठ होतात. बॅक्लोफेन वाढवलं की ताठरपणा उतरतो, पण दिवसभर गुंगी राहते. चार वर्षं ती खुर्चीवर बसून नमाज पढते.

गांजाच्या झाडापासून बनलेल्या औषधाबद्दल मी डॉक्टरांना विचारलं, हे घरी कळलं. चाचा म्हणाले, “तौबा! बहिणीला नशा शिकवणार?”

चाचा एकटे नाहीत, म्हणून हे लिहितोय.

औषधाचं नाव नॅबिक्सिमॉल्स. हा तोंडात मारायचा फवारा. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी. ब्रिटनमध्ये याच आजारातल्या ताठरपणासाठी त्याला २०१० मध्ये परवानगी मिळाली. तिथल्या ‘नाइस’ संस्थेचे २०१९ चे नियम स्पष्ट आहेत: बाकीची औषधं चालली नाहीत तरच चार आठवडे देऊन बघा, त्रास निदान २० टक्के कमी झाला तर पुढे चालू ठेवा, नाहीतर बंद करा. जुनाट वेदनेसाठी मात्र टीएचसी देऊ नका, असंही तेच नियम सांगतात. म्हणजे हा रामबाण नाही. मोजूनमापून द्यायचं औषध आहे. चिलमीशी त्याची तुलना करणं हा आळस आहे.

आपला १९८५ चा अमली पदार्थ कायदाही वैद्यकीय वापराला वाव ठेवतो. पण कागदावरचा वाव आणि रुग्णाच्या हातातलं औषध यांत फार अंतर असतं. मॉर्फिनचं हेच झालं. परवान्यांच्या धास्तीने दुकानदार ते ठेवेनात आणि कॅन्सरचे रुग्ण तळमळत राहिले. नियम सोपे करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. आपाने तेवढी वाट बघायची का?

मित्रांनो, मी नशेची वकिली करत नाही. गांजा म्हटलं की आपल्या मोहल्ल्यात आधी पोलीस आठवतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच ऑनलाइन विकलं जाणारं कुठलंही तेल नको. तपासलेलं, डॉक्टरने लिहून दिलेलं औषध हवं. तुमच्यातले जे डॉक्टर, फार्मासिस्ट, वकील आहेत, त्यांनी ही मागणी उघडपणे करावी.

मजबुरीत निषिद्ध गोष्टीलाही मुभा आहे, हे आपण मदरशात शिकलो. आपाची खुर्चीवरची नमाज चाचांना कबूल आहे. मग आजाऱ्याची सवलत नमाजेपाशीच का संपते?