कुत्र्याचे चित्र कशाला?

आपल्या पैठणीच्या पदरावर मोर नाचतो, पोपट बसतो, कमळ फुलते. कुत्रा मात्र कोणी विणल्याचे ऐकिवात नाही. उकिरड्यावर फिरणाऱ्याला पदरावर कोण घेणार? म्हणून पोराने वहीत कुत्रा काढला की घरचे म्हणतात, "अरे, काही चांगलं काढ की!"

इंग्लंडच्या डेव्हिड हॉकनी या नामवंत चित्रकाराने मात्र १९९५ साली आपल्या दोन कुत्र्यांची चाळीसहून अधिक तैलचित्रे केली. हॉकनी १९३७ साली ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात, साध्या घरात जन्मला. स्टॅन्ली आणि बूजी ही त्या कुत्र्यांची नावे. कुत्रा काही सांगितले म्हणून बसून राहत नाही. तेव्हा हॉकनीने रंग कायम तयार ठेवले, चित्राची घोडी कुत्र्यांच्या उंचीला आणली आणि ती निजली की भराभर हात चालवला. वरून खाली नव्हे, शेजारी बसून पाहिलेली ही चित्रे आहेत.

कोणी विचारील, "चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि आपल्याला बंदी होती. आपण कुत्र्याचे कौतुक का करावे?" प्रश्न रास्त आहे. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला ओंजळ भरली ती माणसाच्या हक्कासाठी. जनावराचा घोट हिसकावण्यासाठी नव्हे.

एका जातककथेत बोधिसत्त्व स्मशानात राहणारा कुत्रा आहे. राजाच्या रथाचे चामडे खाल्ले वाड्यातल्या कुत्र्यांनी आणि मारण्याचा हुकूम सुटला गावातल्या कुत्र्यांवर. बोधिसत्त्व दरबारात जाऊन विचारतो, वाड्यातली कुत्री का वगळली? त्यांना ताक व गवत पाजताच त्यांनी चामडे ओकले. सगळ्यांना अभय मिळाले. पुनर्जन्म बाजूला ठेवा, नीती घ्या. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

पैठण सातवाहनांची राजधानी होते, त्या काळातच अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात षड्दंत हत्तीची जातककथा रंगवली गेली. मुक्या जिवाचे मन रंगात सांगण्याची रीत आपल्याच जिल्ह्यात दोन हजार वर्षांची आहे.

तेव्हा आईबापांनो, पोराने कुत्रा काढला तर वही हिसकावू नका. पेन्सिलीला टोक करून द्या आणि सांगा, आधी निजलेला काढ, मग जागा. डोळे सर्वांत शेवटी, नीट पाहून.

जय भीम!