अठरा नखे एका बैठकीत नकोत

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेले मांजर नखे कापायला सहसा कोणी दवाखान्यात आणत नाही, आणि ते योग्यच आहे. ते आंब्यावर चढते, खोडावर नखे घासते, उंदीर धरते, कुत्रा मागे लागला तर नखांच्याच जोरावर जीव वाचवते. अशा मांजराची नखे कापा असा कोणी आग्रह धरलाच, तर आपण स्पष्ट नकार द्यावा.

गरज असते ती दुसऱ्यांना. मांडव्याला उतरून चौल-रेवदंड्याच्या बंगल्यांवर येणाऱ्या कुटुंबांसोबत फ्लॅटमधली मांजरे येतात. गावातल्या घरांतही सांधे धरलेली म्हातारी मांजरे असतात. त्यांची नखे झिजत नाहीत. जाड होऊन गोल वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात. पुढच्या पंजाचे आतले नख जमिनीला टेकतच नाही, म्हणून तपासताना आधी ते पाहावे. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या मांजराचे दुखणे कित्येकदा तिथेच सापडते.

आता पद्धतीविषयी. मानगूट आवळून, दोघांनी दाबून धरून अठराच्या अठरा नखे उरकायची, हा प्रकार आपल्याकडे अजून सर्रास चालतो. तो बंद झाला पाहिजे. अंगावर येणारे मांजर बहुतेक वेळा भ्यायलेले असते. बाहेर कुत्रा भुंकत असतो, टेबल गार असते, माणसे अनोळखी असतात. पिंजऱ्यावर कापड टाकून आणायला सांगा. वरचे झाकण काढून खालच्या अर्ध्या भागातच, टॉवेलखाली काम करा. एकच पंजा बाहेर घ्या. गादी वरून-खालून हलकेच दाबली की नख पुढे येते. आतली गुलाबी शीर उजेडात पाहून फक्त आकडीसारखे टोक कापा. शेपूट आपटू लागली, कान मागे गेले, की थांबा. आज दोन नखे झाली तरी पुष्कळ झाली. उरलेली घरच्यांनी मांजर पेंगुळलेले असताना रोज एखाददुसरे कापावे; ते त्यांना हात धरून शिकवा.

तरीही जमत नसेल तर घरून निघण्यापूर्वी दोन-तीन तास तोंडावाटे गॅबापेंटिन देता येते. मोठ्या मांजराला साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावी. गादीत रुतलेले नख मात्र दुखते. ते गुंगी आणि वेदनाशामक दिल्याशिवाय काढू नये.

हे करताना माणसाला बसलेला ओरखडा किरकोळ समजू नका. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. रक्त न आलेला ओरखडाही रेबीजच्या दुसऱ्या श्रेणीत मोडतो आणि लस लागते. कातडी फाटली तर तिसरी श्रेणी. मांजर धरणाऱ्या प्रत्येक मदतनिसाचे प्रतिबंधक लसीकरण आधीच झालेले असावे. ही जबाबदारी दवाखाना चालवणाऱ्याची आहे.

सोफा फाटतो म्हणून नखे कायमची काढून टाका, अशी मागणीही कधी होते. त्यात बोटाचे शेवटचे हाडच छाटले जाते. प्राण्याचा अवयवच्छेद १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये क्रूरता ठरतो. अशा पालकांना नारळाच्या काथ्याने गुंडाळलेला उभा खांब सुचवा. चौलमध्ये काथ्याला तोटा नाही.

आमची सर्व वाचक पशुवैद्यांना आणि पशुधन पर्यवेक्षकांना विनंती आहे: पुढचे मांजर टेबलावर येईल तेव्हा किती नखे कापली हे मोजू नका. ते पुन्हा न घाबरता येईल का, एवढे पाहा.